खाऱ्या पाण्यातलं रक्त

अदींना ताजंतवानं असं मी कधी पाहिलंच नाही. सकाळी दवाखान्याचं कुलूप काढतानाच त्या दिवसभर राबून आल्यासारख्या दिसायच्या, आणि दुपारी कुलूप लावताना त्याहून थोड्या जास्त, एवढाच काय तो फरक. खुर्चीत बसल्या की आधी चपला काढायच्या, पायानंच टेबलाखाली सारायच्या, पदरानं मान पुसायच्या आणि दाराकडे बघून मला म्हणायच्या, "सिस्टर, भेजो. अगला दुख भेजो."

पेशंट हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. बाहेर बाकावर बसलेली माणसं त्यांच्या लेखी दुःखंच होती. कुणाचं पोटात, कुणाचं पायात, कुणाचं कुठे ते सांगता न येणारं. आत आलेल्या प्रत्येकाला त्या आधी पापड आणि पाणी द्यायला लावायच्या. दवाखान्यात कसला पापड, असं मला पहिले काही दिवस वाटलं. मग कळलं, सिंध्यांच्या घरी उन्हातून आलेल्याला असंच विचारतात, आणि त्या माणसांना घर म्हणून दुसरं काही उरलंच नव्हतं.

त्यांचं नाव डॉक्टर सती रामचंदाणी. सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात. सगळा कॅम्प म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागले. फाळणीनंतर त्या कराचीहून बोटीनं मुंबईला आल्या आणि तिथून कल्याणजवळच्या या लष्करी छावणीत. लढाई संपल्यावर रिकाम्या पडलेल्या बराकी माणसांनी भरल्या होत्या. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी संसार. छावणीचं उल्हासनगर असं नवं नाव ठेवून झालं होतं, पण आमच्या बदलापूरची माणसं तिला कॅम्पच म्हणत. मी बदलापुरातल्या हेंद्रेपाड्यातली. नर्सिंगचा कोर्स नुकताच झाला होता. "त्या निर्वासितांत कशाला जातेस? आधीच त्यांना काय कमी रोगराई आहे?" असं वडील म्हणाले होते. तरी गेले. नोकरी हवी होती.

अदींची एक खोड होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला की उलट नमस्कार करायच्या आधी त्या समोरच्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आत किती लाली आहे ते बघायच्या. भाजीवाल्याची बघितली, पोस्टमनची बघितली. एकदा कॅम्पच्या पाहणीला आलेल्या एका मोठ्या साहेबाचीही बघितली. साहेब दचकून मागे सरला. अदी शांतपणे म्हणाल्या, "पालक खाइये, साहब." त्यानंतर साहेब आमच्या बराकीकडे फिरकला नाही.

मराठी त्या माझ्याकडून शिकत होत्या. "माझा डोकं दुखतोय," असं काहीतरी बोलायच्या. मी दुरुस्त केलं की वैतागायच्या. "तुम्हा लोकांना इतकी लिंगं कशाला लागतात ग? दोनांत भागत नाही?"

हसायच्या मात्र क्वचितच. आणि हसल्या तरी ते हसू डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत दमून जायचं.

*

जसोदा आपल्या गोपला घेऊन आली तो दिवस मला आठवतो. गोप दोनेक वर्षांचा असेल. रंग मेणासारखा, पोट फुगलेलं, गालाची हाडं वर आलेली. आईच्या खांद्यावर मान टाकून तो नुसता बघत होता. नदीकाठचा दलदलीचा मुलूख, तेव्हा हिवताप घरोघरी. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेलं मूल दिसलं की कुणीही डोळे मिटून क्विनीन द्यायचं. गोपलाही ते देऊन झालं होतं. वर लोहाचं टॉनिक. दोन्हींचा उपयोग शून्य.

अदींनी त्याचं पोट चाचपलं, पापणी ओढली, आणि बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडेच बघत राहिल्या. मग जसोदाला विचारलं, "याच्या आधीचं मूल?"

"मुलगी होती. बोटीवर गेली."

"कशी दिसायची?"

जसोदानं गोपकडे बघितलं. "अशीच."

त्यांचं बोलणं सिंधीत चालायचं. मी हळूहळू समजायला शिकले होते. इथं मराठीतच सांगते.

ती गेल्यावर अदी मला म्हणाल्या, "सिस्टर, पलीकडच्या बराकीतलं मूल आठवतं? आणि स्टेशनजवळच्या बराकीतलं? ही सगळी मुलं एकमेकांची भावंडं असल्यासारखी दिसतात. पण यांच्या आईबापांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही."

मी म्हटलं, "इथलं पाणी बाधत असेल."

"सगळे तेच म्हणतात. पाणी, रेशनचं धान्य, बराकीतली ओल. सरकारला शिव्या देता येतात ना, बरं वाटतं." त्यांनी डोळे मिटले. "मी कराचीतही अशी मुलं पाहिली होती. तेव्हा कळलं नव्हतं. घरं तिकडे राहिली, दागिने तिकडे राहिले, सिस्टर. हे मात्र बरोबर आलं. रक्तातून आलं."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांच्या ओळखीचे डॉक्टर होते. तिथून त्या परदेशी मासिकं आणायच्या आणि जेवताना वाचायच्या. हा आजार दूरच्या समुद्राकाठच्या लोकांतही होता. त्याचं नावच मुळी समुद्रावरून पडलेलं. आईबाप दोघंही वरून ठणठणीत. पण दोघांच्याही रक्तात अर्धा दोष लपलेला असला, तर एखाद्या मुलाच्या वाट्याला तो पुरा येतो. त्या मुलाचं रक्त टिकत नाही. दुसऱ्याचं रक्त चढवत राहायचं, तेवढेच दिवस. टॉनिकमधलं लोह तर अशा मुलाला अपायच करतं. औषध नाहीच.

"औषध नाही, मग आपण करायचं काय?" मी विचारलं.

"मूल व्हायच्या आधी विचारायचं. लग्न व्हायच्याही आधी." असं म्हणून त्यांनी पोळीचा तुकडा ताटात तसाच टाकला. आपण काय बोललो, ते त्यांना तेव्हाच पुरतं कळलं असावं.

*

लपलेला दोष शोधायची युक्ती साधी होती. मिठाचं अगदी पातळ, ठरावीक मापाचं पाणी करायचं, काचेच्या नळीत घ्यायचं आणि त्यात रक्ताचा थेंब सोडायचा. चांगल्या रक्ताच्या पेशी अशा पाण्यात फुगून फुटतात आणि नळी लाल पण आरपार होते. दोष असलेल्या रक्ताच्या पेशी लहान नि चिवट. त्या फुटत नाहीत, नळी गढूळच राहते. नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर ठीक.

मीठ तोलायला दवाखान्यात नाजूक तराजू नव्हता. शेजारच्या बराकीत एक सोनार होता. सोनं कधीच संपलं होतं, तराजू तेवढा उरला होता. अदी त्याच्याकडून मीठ तोलून आणायच्या. तो बिचारा दर वेळी त्या चिमूटभर मिठाकडे बघून उसासा टाकायचा.

पहिली नळी माझ्या रक्ताची. अदींनी नळीमागे सिंधी वर्तमानपत्र धरलं. "दिसतं का?"

"दिसतं, पण वाचता येत नाही."

"का?" त्या एकदम दचकल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, सिंधी लिपी मला येत नव्हती. त्या दिवशी त्या खरंच हसल्या. पुढं माझ्यासारख्यांसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून ठेवलं.

दुसरी नळी त्यांनी स्वतःची केली. ती गढूळ राहिली. त्यांनी ती उजेडात धरून दोनदा हलवली, धुतली आणि पालथी ठेवली.

गोपच्या आईबापांच्या नळ्याही गढूळ निघाल्या. दोघांना समोर बसवून अदींनी काचेच्या बांगड्या मांडल्या. आईच्या दोन, बापाच्या दोन, प्रत्येकाची एक चांगली, एक तडकलेली. मुलाला दोघांकडून एकेक मिळते. कुठली मिळेल ते कुणाच्या हातात नाही. दोन्ही तडकलेल्या आल्या तर मूल असं. चारांतून एकदा.

जसोदा बांगड्यांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "चारांत एक ना, अदी? माझी एक मुलगी गेली. हा गोप दुसरा. मग माझा वाटा भरला की. आता पुढची चांगली होतील?"

अदींनी सगळ्या बांगड्या परत गोळा केल्या आणि पुन्हा तशाच मांडल्या. "दर वेळी पहिल्यापासून, जसोदा. मागचं मोजत नाहीत."

जसोदाचा नवरा परसराम म्हणाला, "हिच्या माहेरचं असेल. आमच्या घरात कुणाला नव्हतं."

"तुझीही नळी गढूळ आहे," अदी म्हणाल्या. "दोघांचं आहे, म्हणून तर झालं. एकाचंच असतं तर गोप आत्ता बाहेर खेळत असता." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि यात कुणाचं पाप नाही. काही विद्वानांचा असा अंदाज आहे, की हा अर्धा दोष ज्यांच्यात होता ती माणसं हिवतापातून तगली. तुझा आजोबा कदाचित त्यामुळेच जगला असेल."

"आजोबा जगला आणि नातू जाणार," परसराम म्हणाला.

अदी गोपला मुंबईच्या त्या इस्पितळात पाठवायच्या, परसराम स्वतःचं रक्त द्यायचा. रक्त चढलं की गोपच्या गालांवर थोडे दिवस रंग यायचा, तो बराकीच्या पायरीवर बसून चाळणीनं माती चाळायचा. मग पुन्हा मेणासारखा. दीड वर्षानंतर एका थंडीत तो गेला. अदी त्यांच्या घरी जाऊन बसल्या. परत आल्यावर चपला काढल्या आणि म्हणाल्या, "भेजो." तेवढंच. पुढचा शब्द त्यांना जमला नाही.

*

त्यानंतर त्यांना घाई झाली. आणि त्या घाईत रुक्कीचं झालं.

रुक्की अठरा-एकोणीस वर्षांची. शिवणकाम करायची, बोलायला चटपटीत. साखरपुडा झालेला होता. तिची आईच तिला घेऊन आली, कारण अदी भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या की लग्नाआधी रक्त बघून घ्या. दवाखान्यात गर्दी होती. रुक्कीची होणारी सासूही कसल्याशा औषधासाठी बाकावर बसली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. अदींनी नळी उजेडात धरली. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. त्या जागेवरूनच मला मोठ्यानं म्हणाल्या, "लड़की में है. लड़के को भी भेजो."

बस्स. मुलाला कुणी पाठवलं नाही. दोन दिवसांत साखरपुड्याचं सामान परत आलं. रुक्कीचं रक्त नासलंय, असं बराकी-बराकींतून झालं. नळावर बायका तिच्या आधी आपली बादली भरून घेऊ लागल्या.

अदी मुलाच्या घरी धावल्या. "दोष एकातच असला तर काही होत नाही. मुलाची नळी तरी बघू द्या." दारातच त्यांना सांगितलं गेलं, की आमच्या घरात तुमची नळी नको.

पण याहून वाईट पुढेच होतं. रुक्कीची पापणी अदींनी नंतर नीट ओढून बघितली. पांढरीफटक. मुलगी नुसती उपाशीपोटी शिवण करत राहिलेली. अंगात लोहच नव्हतं. आणि लोह कमी असलं तरीही नळी कधी कधी गढूळ राहते, हे अदींना माहीत होतं. त्या दिवशी थांबून, रक्ताची काच भिंगाखाली घालून बघायला हवं होतं. त्यांनी रुक्कीला गोळ्या दिल्या, काही महिने जाऊ दिले आणि मुंबईच्या डॉक्टरांकडून सगळं तपासून घेतलं. आता नळी आरपार होती. दोष नव्हताच.

त्या रुक्कीच्या बराकीत सांगायला गेल्या तेव्हा मी बरोबर होते. रुक्कीची आई ऐकताच रडायला लागली. रुक्की मशीनवर होती. तिनं पाय थांबवला.

"माझं चुकलं, बेटी," अदी म्हणाल्या. "तुझ्यात काही नाही. मी पंचायतीत सगळ्यांसमोर सांगेन."

रुक्कीनं विचारलं, "आणि असतं तर?"

"काय?"

"असतं माझ्यात, अदी, तर हे सगळं बरोबर होतं का? बायका नळावर करतात ते? तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ते?"

रुक्कीनं पुन्हा मशीन सुरू केलं. आम्ही बाहेर आलो, तेव्हा अदींनी माझा दंड धरला होता, म्हाताऱ्या माणसानं धरावा तसा. दवाखान्यापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून दवाखान्याच्या एका कोपऱ्याला जाड पडदा शिवून घेतला. नळी तिथेच बघायची, आणि ज्याचं रक्त त्यालाच सांगायचं. त्याच्या आईलाही नाही, बापालाही नाही.

*

पंचायतीत त्या गेल्या ते रविवारी सकाळी. बराकीतल्या मोठ्या खोलीत माणसं दाटीनं बसली होती, बायका एका बाजूला. पंचायतीचे मुखी वयस्कर होते. मान देऊन त्यांनी अदींना पुढे बसवलं. अदींनी आधी रुक्कीबद्दल सांगितलं; चूक माझी होती, मुलीत दोष नव्हता. मग मला खूण केली. मी त्यांच्या बोटात सुई टोचली. थेंब नळीत पडला. थोडा वेळ जाऊ दिला. नळी गढूळच राहिली.

"ही बघा," असं म्हणून त्यांनी नळी मुखींच्या हातात दिली. "माझ्यात आहे. जन्मापासून आहे. माझ्या हातून तुम्ही औषध घेता, माझ्या हातचं पाणी पिता. मी आजारी दिसते?"

मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "आजारी नाही, अदी, पण दमलेली फार दिसतेस!"

सगळे हसले. अदीही. "तो थकवा रक्तातला नाही, काका. तो तुम्ही दिलाय."

मुखींनी नळी हळूच परत केली. "मग आम्ही काय करायचं म्हणतेस? मुलींची लग्नं बंद करायची? आधीच सगळं गेलंय, बेटी. एकमेकांत सोयरीक तेवढी राहिली आहे."

"लग्नं बंद करू नका. ज्याच्यात दोष आहे त्याला टाकूही नका. फक्त दोघांतही असला तर ते आधी कळू दे. मग काय करायचं ते त्या दोघांनी ठरवावं. मी नाही, तुम्हीही नाही."

"त्या दोघांनी?" मुखींना ते खरंच नवीन होतं. "लग्न त्या दोघांचं थोडंच असतं?"

पुन्हा हशा पिकला, आणि त्या हशातच सभा उठली.

त्यानंतर काय बदललं म्हणाल, तर फार नाही. लोक यायचे, पण पत्रिका छापून झाल्यावर. कुणी मागच्या दारानं यायचं, तर कुणी बोट टोचून घ्यायचं आणि निकाल ऐकायला फिरकायचंच नाही. दोन्ही नळ्या गढूळ निघालेलं एक जोडपं तर, "देव बघून घेईल," म्हणून हसत गेलं. अदींनी त्यांना पापड दिला, पाणी दिलं, लग्नाला आशीर्वाद द्यायलाही गेल्या. परत येताना म्हणाल्या, "सिस्टर, औषध देणं सोपं असतं ग. हे नुसतं सांगणं फार जड आहे."

जसोदाला पुन्हा दिवस गेले. पोटातल्या मुलाचं आधी कळायचं काही साधन तेव्हा नव्हतं. मुलगी झाली. ती वर्षाची होईपर्यंत जसोदा दर आठवड्याला तिला आणायची आणि अदी दर आठवड्याला त्या मुलीचे गाल, पोट, नखं बघायच्या. एके दिवशी मुलगी टेबलावर उभी राहिली आणि तिनं अदींच्या चष्म्यावर जोरात हात मारला. काच फुटली. जसोदा घाबरली. अदी तो मोडका चष्मा हातात घेऊन म्हणाल्या, "जा. आता हिला आणू नकोस. खायला घाल." आणि पडद्यामागे जाऊन बराच वेळ बसल्या.

आणि एकदा रुक्की आली. लग्न ठरलं होतं तिच्या धाकट्या बहिणीचं. तिचं स्वतःचं व्हायचं होतं. बहिणीचा हात धरून ती सरळ आत आली आणि अदींना नमस्कारही न करता त्यांच्याच हिंदीत म्हणाली, "पहले सबको बाहर भेजो." अदींनी सगळ्यांना बाहेर पाठवलं. मलासुद्धा. पुढं रुक्कीचं लग्न इंदूरला झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं.

*

काही वर्षांनी मला बदलापूरला जागा मिळाली आणि कॅम्प सुटला. तरी अधूनमधून गाठ पडायची. शेवटची पडली ती अंबरनाथला, महाशिवरात्रीच्या जत्रेत. देवळापाशी माणूस माणसाला लागला होता. दर्शन करून मी चढावरून वर येत होते, तर अदी एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या. केस पांढरे झाले होते, पाय सुजले होते. मला बसवून घेतलं, घरचं विचारलं. मराठीतली लिंगं अजून चुकत होती आणि मी आता दुरुस्त करत नव्हते.

"दर्शन झालं?" मी विचारलं.

"रांग बघितली आणि इथेच बसले. देवाला काय, दिसतं की."

थोडं बोलणं झालं आणि बोलता बोलताच त्यांचा डोळा लागला. तोंड जरासं उघडं, हात मांडीवर उताणे. इतक्या वर्षांत त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

तेवढ्यात एक मुलगा आणि एक मुलगी माझ्यासमोर येऊन थांबली. कॅम्पातलीच, विशी-बाविशीतली. मुलगी दबक्या आवाजात म्हणाली, "अदी आहेत ना या? दवाखान्यात जायची लाज वाटते. तिथे सगळे ओळखतात."

"काय काम होतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "आमचं घरी अजून कुणाला माहीत नाही. म्हटलं, घरी सांगायच्या आधी रक्त बघून घ्यावं. दोघांचंही."

मी अदींच्या खांद्याला हात लावणार होते. मुलीनं मला थांबवलं. "नको. झोपू दे त्यांना. आम्ही थांबतो."

माझ्या गाडीची वेळ झाली होती. चढाच्या टोकाला पोचल्यावर मी मागे वळून बघितलं. जत्रा तशीच वाहत होती. ऊन सरकून झाडाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. अदी झोपलेल्याच होत्या, आणि तो मुलगा सरकून अशा बेतानं उभा राहिला होता, की त्याची सावली त्यांच्या तोंडावर पडावी.